राखेत भाजलेलं युरोपियम

युरोपियम हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो बाटलीवरची धूळ पुसताना. बाटली माझ्या अंगठ्याएवढी, आत पांढरी भुकटी, आणि हरीओम सर ती अशी कुलपात ठेवायचे जसा काही आत कुणाचा पोहेहार आहे.

वाशीमच्या आमच्या कॉलेजात मी भौतिकशास्त्र विभागाची परिचर. नाव बेबीबाई, पन्नाशी जवळ आली तरी बेबीच. जऊळक्याहून सकाळच्या गाडीनं येते, संध्याकाळच्या गाडीनं जाते, मधल्या वेळात झाडते, पुसते, काचेची भांडी धुते, चहा सांगते. शाळा सातवीपर्यंत. पुढचं सारं धुता-धुता शिकले. अठरा वर्षं एकाच खोलीत पोरं तेच ते मोठ्यानं पाठ करत असली तर भिंतींनाही थोडंफार यायला लागतं, आणि मी भिंतीपेक्षा हुशार आहे.

हरीओम सर विभागाचे प्रमुख. कॉलेजात चार जाधव सर आहेत, म्हणून त्यांना सगळे नावानंच ओळखतात. त्यांच्याकडे निता राठोड पीएच.डी. करत होती. धनजजवळच्या बंजारा तांड्यावरची पोरगी. तिचे वडील दौलतसिंग आणि आई गोमतीबाई दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्यात परततात. निता लहानपणापासून वसतिगृहात वाढलेली. त्यामुळे तिला स्वतःचं ताट स्वतः धुवायची सवय. पहिल्याच दिवशी तिनं तिचं बीकर स्वतः विसळलं, आणि मी तिला म्हटलं, "अवं, मंग मी काय करू? घरी जाऊ काय?"

तिचं काम मी थोडक्यात सांगते, कारण ते समजलं नाही तर पुढचं काहीच समजणार नाही.

स्ट्रॉन्शियम आणि अॅल्युमिनियम यांचे क्षार घ्यायचे, त्यात युरिया टाकायचा, आणि शंभराला एक या मापानं युरोपियम. पाण्यात विरघळवून भट्टीत ठेवायचं. पाणी आटतं, फेस येतो, फेस फुगत फुगत चिनीमातीच्या वाटीच्या बाहेर डोकावतो आणि भप्पकन पेट घेतो. पाच मिनिटांत खेळ खलास. मागे राहते बत्ताशासारखी फुललेली पांढरी पोकळ ढेप. ती खलायची, आणि ती भुकटी पुन्हा हजार डिग्रीवर तीन तास भाजायची. भाजायच्या छोट्या वाटीला पोरं क्रुसिबल म्हणतात, सोनार मूस म्हणतो.

"युरिया म्हणजे कपाशीले टाकतो थोच काय?" मी विचारलं होतं.

"थोच मावशी. पण हा शुद्ध. याच्यानं वावर नाई पिकत, उजेड पिकते," निता म्हणाली होती.

ही भुकटी उन्हात पाहिली तर रांगोळीच्या दगडाचा चुरा वाटेल. पण विभागाच्या अडगळीच्या खोलीत काळा पडदा लावलेला आहे, आत एक पेटी आहे, आणि पेटीत डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाचा, म्हणजे यूव्हीचा दिवा आहे. त्याच्याखाली ही भुकटी धरली की ती लाल पेटते. पळस फुलल्यासारखी, केशरीकडे झुकलेली लाल. आणि हे सारं त्या शंभरातल्या एकाच्या जिवावर. मी माझ्यापुरतं असं समजून घेतलं होतं: शंभर घरांच्या गावात एक घर बँडवाल्याचं असतं. एरवी गाव मुकं. वरात निघाली की सगळा आवाज त्या एका घरातून.

सरांना हे सांगितलं तेव्हा ते हसले होते आणि पुढच्या वर्षी वर्गात त्यांनी तेच उदाहरण दिलं. माझं नाव घेतलं नाही. हरकत नाही, बँडवाल्याचंही कुणी घेत नाही.

माझं खरं सुख मात्र वजनकाट्यापाशी होतं. काचेच्या पेटीतला काटा, श्वास सोडला तरी आकडे हलतात. निताचा हात घाईचा. एकदा ती तीनदा चुकली, तेव्हा मी म्हटलं, आण इकडं. चिमटीत चमचा धरला, श्वास आत घेतला, बोटानं चमच्यावर टिचकी मारली आणि आकडा जिथं हवा तिथं थांबला. सर दारात उभे होते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "बेबीबाई, जरा निताला वजनाला मदत करत जा." हे कागदावर कुठंच नव्हतं. परिचरानं काट्याला आणि भट्टीला हात लावायचा नाही, असा नियम तर दारावरच चिकटवलेला आहे. तो कागद मीच डिंकानं चिकटवला. पण त्या दिवसापासून दुपारचा एक तास मी काट्यापाशी असायची, आणि त्या एका तासासाठी बाकीचे सात तास झाडू मारायला माझी काही तक्रार नव्हती.

निताच्या पहिल्या दोन्ही घाणी लाल निघाल्या. घाणी म्हणजे पोरं बॅच म्हणतात त्या. विद्यापीठाच्या समितीनं सांगितलं, तिसरी करा. तीनदा तेच आलं तर मानू. तिसरी आम्ही श्रावणात लावली आणि नेमकी तीज आली.

तांड्यावरच्या तीजेचं तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. लग्न न झालेल्या पोरी दुरडीत गहू पेरतात, नऊ दिवस त्याला पाणी घालतात, गाणी म्हणतात, आणि शेवटच्या दिवशी तो पोपटी गहू मिरवत नेऊन पाण्यात शिरवतात. निता सव्वीस वर्षांची, दोन पेपर छापून आलेली, पण तिची दुरडी चुकत नाही. गोमतीबाईचा फोन आला की पोरगी ऐकूनच अर्धी तिकडं पोहोचते.

भट्टीत भाजायचं तेवढं बाकी होतं. तिनं कागद लिहून दिला.

"मावशी, हजार डिग्री, तीन तास. क्रुसिबल उघडी. बस."

"जाय न बाप्पा. तुह्या गव्हाले तहान लागली असन."

"उघडी, बरं का."

"अवं, अठरा वर्षं झाले मले इथं. भट्टी मले ओळखते."

ती गेली. भट्टी मला ओळखत होती आणि मीही भट्टीला ओळखत होते, घोटाळा तिथंच झाला. भट्टीच्या छताची वीट भुसभुशीत झाली होती. तापली की तिचे कण गळायचे. पहिल्या घाणीत असाच लाल मातीचा खडा पडला होता आणि निता अर्धा दिवस चिमट्यानं तो वेचत बसली होती. शिवाय तळाला भेग. छोटी क्रुसिबल ठेवली की कलायची. दुरुस्तीचा अर्ज सरांनी दोनदा केला होता. अर्ज कुठं भाजत होता कोण जाणे.

मी विचार केला. महत्त्वाचं काय, तर हजार डिग्री आणि तीन तास. बाकी पोरीची काळजी. आता आमच्या वऱ्हाडात नाजूक वस्तू आगीत भाजायची असली तर ती उघडी टाकत नाहीत. रोडगे भाजताना कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात पुरायचे, वरून राख ओढायची. ऊब चारही बाजूंनी सारखी लागते, धूळ नाही, करपणं नाही. माझ्या सासूचे रोडगे जऊळक्यात नावाजलेले होते, आणि तिच्यानंतर माझे आहेत. हे मी सांगत नाही, लोक सांगतात.

मोरीखाली भांडी घासायला मी घरून आणलेली गोवरीची राख डब्यात होती. मोठी क्रुसिबल घेतली, तळाशी राख घातली, त्यात निताची छोटी क्रुसिबल तिच्या झाकणासकट बसवली, चहूबाजूंनी राख दाबली, वर मोठं झाकण ठेवलं आणि फटीला कणीक लिंपली. जेवणाच्या डब्यात कणकेचा एक गोळा मी मुद्दाम आणला होता. हजार डिग्री, तीन तास. अगदी घड्याळ लावून.

दुसऱ्या दिवशी उघडली तर आत इतकी शुभ्र, इतकी स्वच्छ भुकटी की काय सांगू. एक कण नाही. मी ती खलून बाटलीत भरली, चिठ्ठी चिकटवली. काळ्या पेटीत मात्र पाहिली नाही. पहिलं पाहणं निताचं, असा माझा नियम होता.

निता परतली ती समितीच्याच दिवशी सकाळी, हातात शिरवलेल्या गव्हाची जुडी घेऊन. एसटी उशिरा आली होती. मी बाटली तिच्या हातात दिली.

"झालं न नीट?"

"पाह्य तरी! पहिल्या दोन्हीपेक्षा मस्त झाली."

तिला पेटीत पाहायला वेळच नव्हता. समितीचे बाहेरचे सर अकरालाच आले. उंच, वाळके, चष्मा सारखा रुमालानं पुसणारे. निता उभी राहून बोलली, मी मागून चहा ठेवत ऐकत होते, आणि पोरगी काय बोलली म्हणता! एक आकडा अडला नाही. मग ते सर म्हणाले, "चला, तिसरी बॅच दाखवा."

अडगळीच्या खोलीत आम्ही चौघं. मी पडदा ओढून धरला. निताने काचेच्या बशीत भुकटी घेतली, पेटीत ठेवली, दिवा लावला.

हिरवी.

पोपटाच्या पंखासारखी हिरवीगार. लालचा ठिपका नाही. बाहेरच्या सरांनी वाकून पाहिलं आणि दिवा बंद केला. तर काय, भुकटी विझेचना. अंधारात हळूहळू मंद होत, पण तशीच उजळत राहिली.

"हे तर रेडियम आहे," ते म्हणाले.

आमच्याकडे अंधारात चमकणाऱ्या प्रत्येक गोष्टीला रेडियम म्हणतात. देव्हाऱ्यातल्या चमकत्या गणपतीलाही आणि ट्रकमागच्या पट्टीलाही. पण या सरांनी तो शब्द बाजाराच्या अर्थानं वापरला होता.

"ही पावडर पिशवीत विकत मिळते. मूर्तीवाले वापरतात. मॅडम, तिसरी बॅच जमली नाही म्हणून बाजारातून आणून भरली का?"

"नाई सर!" निता म्हणाली. "माझीच आहे."

"निता," हरीओम सर म्हणाले, "भाजली तूच ना?"

अंधारात तोंडं दिसत नव्हती. ती माझ्याकडे वळली असेल किंवा नसेल.

"हो सर. मीच."

मी पडदा सोडला. खोलीत दिवसाचा उजेड आला आणि कुणाचंच तोंड पाहावंसं वाटेना.

बाहेरचे सर चष्मा पुसत म्हणाले, "मला शेरा लिहावा लागेल. नमुना उमेदवारानं तयार केलेला नाही, असा. पण तासभर देतो. काय झालं ते लेखी द्या."

असा शेरा गेला की चार वर्षं तर जातातच, पण नावही जातं. वाशीमसारख्या ठिकाणी नाव गेलेली पोरगी पुन्हा कुठल्या प्रयोगशाळेच्या दारात उभी राहणार?

मी मोरीपाशी गेले आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला घेतली. निता मागून आली.

"मावशी, खरं सांगा. तुमी काय केलतं?"

"काय करीन? तुहा कागद होता न समोर."

"उघडीच ठेवली होती?"

खरं तेव्हाच सांगायचं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर तो दारावरचा नियमाचा कागद आला आणि त्याच्यामागं वजनकाटा. परिचरानं भट्टी लावली हे बाहेर आलं की तो दुपारचा तास गेला, उरला झाडू. आणि खरं सांगते, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे माझे रोडगे चुकले हेच मला मान्य होत नव्हतं.

"उघडीच," मी म्हटलं.

"मंग माहंच काही चुकलं असन," असं म्हणून ती टेबलाशी बसली. कोरा कागद घेतला. वरती तारीख टाकली, विषय टाकला. मी बीकरच्या बुडाचा काळा डाग घासायला राखेच्या डब्यात हात घातला. बोटांना राख लागली आणि राखेबरोबर काळा कोळशाचा तुकडा. गोवरी कधीच पुरती जळत नाही, अर्धी काळी राहते.

मी त्या तुकड्याकडे पाहिलं. तिन्ही घाणींचं पीठ एकाच मापाचं, माप माझ्या हातचं. भट्टी तीच. दोन लाल, एक हिरवी. या हिरवीत आणि त्या लालमध्ये फरक एवढाच, माझ्या हातात होता तेवढा. बाई, हे तुझ्या कर्तबगारीचं आहे, मी स्वतःला म्हटलं. आणि तिकडं पोरगी तुझ्या वाटणीचा कागद लिहून राह्यली.

राखेचे हात पदराला पुसले, तुकडा मुठीत धरला आणि सरांच्या खोलीत गेले. दार वाजवलं नाही. वाजवलं असतं तर कदाचित परत फिरले असते.

"सर, थे म्या भाजली," मी म्हटलं. "निता तीजेले गेलती. तिनं लिहून देल्लं होतं उघडी ठेवा, म्या झाकली. तिले माईत नाई. बाजाराचं काही नाई त्याच्यात."

बाहेरच्या सरांनी चष्मा लावला. "तुम्ही कोण?"

"परिचर. बेबीबाई."

"परिचर भट्टी लावते?" हे त्यांनी हरीओम सरांना विचारलं. हरीओम सर टेबलाच्या काचेखालची वेळापत्रकं वाचायला लागले. चार वर्षांपूर्वीची होती.

"मले नाई लावाले सांगतलं कोणी. मीच लावली," मी म्हटलं. "आता काय केलं थे आयका, मंग काय थे बोला."

आणि मी सांगितलं. राख, झाकणावर झाकण, कणीक, सगळं. बाहेरचे सर आधी हसले. मोकळेपणानं, पोट धरून. "रोडगे! युरोपियमचे रोडगे! आमच्याकडं पानगे म्हणतात, पण पुरायची रीत तीच." मग हसता हसता थांबले. "राख पांढरी होती की काळी?"

डब्यातला कोळशाचा तुकडा माझ्या मुठीतच होता. मी तो त्यांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी तो बोटांत चुरून पाहिला. निता एव्हाना दारात येऊन उभी होती, अर्धा कागद हातात.

"कोळसा," ते म्हणाले. "बंद भांड्यात कोळशानं सगळा ऑक्सिजन खाल्ला. राठोड, सांगा पुढं."

निताने ओठ ओले केले. "युरोपियमजवळचे तीन इलेक्ट्रॉन कमी असले तर लाल उजेड. ऑक्सिजन नसला की त्याला एक परत मिळतो. दोनच कमी राहतात. मग... मग उजेड हिरवा. आणि तो रेंगाळतोही."

"म्हणजे नवीन शोध लागला काय?" मी विचारलं. मला राहवेना.

"नाही हो बाई. जगाला तीस-चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे. कारखान्यात मुद्दाम असंच करतात."

"मंग मले कोणी सांगतलं काहून नाई?"

बाहेरच्या सरांनी रुमाल काढला, पण चष्मा पुसला नाही. "पण ही झाली गोष्ट," ते म्हणाले. "गोष्ट चांगली आहे. विद्यार्थिनीला वाचवायला माणसं चांगल्या गोष्टी रचतात. शेऱ्यात मी गोष्ट कशी लिहू?"

हे ऐकून मला राग आला, आणि रागात माझं डोकं फार चांगलं चालतं.

"निता, फेस येऊन जळाल्यावरचं, अजून भाजलं नाई असं काही उरलं काय या तिसरीचं?"

"हाव. डबीत ठेवलं आहे. दोन चमचे."

"मंग सर, एकाच पिठाचे दोन करू. अर्धं उघडं ठेवू, अर्धं म्या ठेवलं होतं तसं राखेत. भट्टी एक, वेळ एक, तुमी समोर बसा. माही गोष्ट खोटी असन तं दोन्हीबी एकाच रंगाचे निघतीन. खरी असन तं उघडं लाल निघन अन् झाकलेलं हिरवं."

हरीओम सरांनी वेळापत्रकातून मान वर काढली.

"माझी गाडी साडेपाचला आहे," बाहेरचे सर म्हणाले.

"मले बी त्याच गाडीनं जा लागते," मी म्हटलं. "चुकू नाई देत."

भट्टी दुसऱ्या पोरांच्या कामासाठी सकाळपासून तापत होती, तेवढा वेळ वाचला; तरी गाडीपायी तीनऐवजी दोनच तास भाजायचं ठरलं. निताने डबीतली भुकटी दोन क्रुसिबलमध्ये सारखी वाटली. एक उघडीच ठेवली. दुसरी मी घेतली. राख दाबली, झाकण ठेवलं, आणि आठवलं की कणीक नाही. माझ्या जेवणाच्या डब्यात ज्वारीची भाकर होती. तिचा तुकडा चुरला, पाणी लावून मळला आणि फटीला लिंपला. बाहेरचे सर शेजारी खुर्ची टाकून बसले होते.

"मागच्या वेळी कणीक, या वेळी भाकर," ते म्हणाले. "फरक नोंदवा, राठोड."

निताने नोंदवला.

"उरलेली भाकर खासान काय सर?" मी विचारलं. "ठेचा आहे संगं."

त्यांनी खाल्ली. हरीओम सरांनीही खाल्ली. दोन तास भट्टीपाशी बसायचं म्हणजे काय करणार? निताने मात्र घास घेतला नाही. ती भट्टीवरच्या लाल आकड्यांकडे पाहत बसली होती, नि माझ्याकडे एकदाही नाही. मी तिच्यापुढं पाण्याचा पेला ठेवला तर तिनं तो हातानं बाजूला सारला. तेव्हा मला कळलं की सरांच्या खोलीत मी सगळं सांगितलं खरं, पण मोरीपाशी जे बोलले ते अजून तसंच पडून होतं.

सव्वातीनला लांब चिमट्यानं दोन्ही बाहेर काढल्या. विटेवर निवायला ठेवल्या. माझ्या क्रुसिबलभोवतीची भाकर जळून काळी कड झाली होती. छताच्या विटेचा एक बारीक लाल कण उघड्या क्रुसिबलमध्ये पडलाच होता; मी तो सगळ्यांना दाखवला, मुद्दाम. सरांनी मान हलवली, अर्जाची आठवण झाली असावी.

चार वाजता आम्ही पुन्हा पडद्याआड. दोन बशा शेजारी शेजारी. दोन्हीतली भुकटी सारखीच पांढरी, आईनं ओळखावी म्हटलं तरी ओळखू येऊ नये. निताचा हात दिव्याच्या बटणावर होता. मी काही बोलले नाही. मला खात्री होती. दुपारी त्या कोळशाच्या तुकड्याकडे पाहिल्यापासून मला खात्री होती, आणि खात्री असली की मी गप्प राहू शकते. नसली तरच बडबडते.

दिवा लागला.

डावीकडं पळस फुलला. उजवीकडं पोपट बसला.

कुणीतरी हुंकार दिला, हरीओम सर असावेत. बाहेरचे सर बशीवर इतके वाकले की त्यांच्या चष्म्याच्या एका काचेत लाल आणि एका काचेत हिरवं दिसत होतं. त्यांनी बशांची अदलाबदल करून पाहिली, उगाच. लाल लालच राहिली. "उघडीत कडेला किंचित फिकट आहे," ते म्हणाले, "दोन तास कमी पडले. पण लाल आहे. निर्विवाद लाल." मग त्यांनी दिवा बंद केला. लाल त्याच क्षणी विझली. हिरवी राहिली.

"शेरा बदलतो," अंधारातून त्यांचा आवाज आला. "राठोड, प्रबंधात हे एक पान घाला. उघडं आणि झाकलेलं, दोन्ही. चूक लपवू नका, चुकीनं काय झालं ते लिहा. आणि हरीओम, त्या बाईंचा भट्टीशी काय संबंध ते तुम्ही कागदावर ठरवा. एक तर हो, नाहीतर नाही. असं मधल्यामध्ये ठेवू नका."

"हो सर," हरीओम सर म्हणाले. मग जरा थांबून, "बेबीबाई, तोवर भट्टीला हात नको."

"बरं," मी म्हटलं. काट्याचं त्यांनी काही म्हटलं नाही. मीही विचारलं नाही. हे दुखलं, पण जे केलं त्याच्या मानानं कमीच दुखलं.

दोघं सर शेऱ्याचा कागद करायला बाहेर गेले. पडदा त्यांच्यामागं परत पडला. बशीतलं हिरवं हळूहळू उतरत होतं, तेवढ्या उजेडात निताचं तोंड अर्धवट दिसत होतं.

"निता," मी म्हटलं, "मोरीपाशी म्या तुले खोटं सांगतलं."

"माईत आहे."

"कवा समजलं?"

"तवाच. हजारदा घासलेलं बीकर तुमी पुन्हा घासून राह्यल्या होत्या."

"मंग त्या कागदावर माहं नाव काहून नाई लिहिलं?"

तिनं नाक ओढलं. "लिहिणार होती. विषय लिहिला, तारीख लिहिली, मंग म्हटलं दहा मिनटं वाट पाहू. मले लय राग आलता मावशी. अजून बी आहे. तुमी दहाव्या मिनटाले आत गेल्या. अकरावं झालं असतं तं म्या तुमचं नाव टाकलं असतं. सोडलं नसतं तुमाले."

वसतिगृहात वाढलेली, स्वतःचं ताट स्वतः धुणारी ही पोरगी; हिच्या तोंडून मला हेच ऐकायचं होतं असं मला तोवर ठाऊक नव्हतं.

"टाकाचंच होतं," मी म्हटलं. "दहा मिनटं बी जास्त झाले. पुढच्या वेळी कोणासाठी पाचाच्या वर थांबू नको, मी असो नाहीतर माह्या वरचा कोणी असो."

"पुढच्या वेळी तुमी कागद वाचजा."

"वाचीन."

"उघडी म्हटलं तं उघडी."

"अवं, वाचीन म्हटलं न!"

तेव्हा कुठं ती हसली, रडल्यासारखी. बाहेरून बाहेरच्या सरांनी हाक मारली की साडेपाचची गाडी चुकणार, आणि बाई, ठेच्याची कृती सांगायची राहिली. निताने पडदा सरकवला.